दिसत नाही

हरणीच्या गच्चीवर पहाटे साडेपाचला
मी उभी राहते आणि काय काय दिसतं ते नोंदवते.
पाण्याची टाकी, आठशे मीटर. दिसते.
गिरणीचं धुराडं, अडीच किलोमीटर. अर्धं.
हायवेचा पूल. नुसता आवाज.
आणि ईशान्येला, असला तर, पावागड.

काल रात्री घरी जाताना काळा घोडा पुलावर
स्कूटर जरा थांबवली होती.
विश्वामित्रीचं पाणी तांबूस, चढलेलं.
शहरात थेंब नव्हता.
म्हणजे वर कुणीतरी रात्रभर भिजत होतं.

रकान्यात लिहिलं : पावागड दिसत नाही.
शिकाऊ पोरगा, डांग्यांचा अद्वैत,
खांद्यावरून वाचून म्हणाला, "गेला कुठे?"
मी हसले. पण पेन तिथेच राहिलं.
'नाही' आणि 'दिसत नाही'
यांच्यामध्ये सत्तावीसशे फूट दगड असतो.

त्याला हलोलपर्यंत जाऊन यायचं होतं.
"ढगाच्या खालून जातो की, पंधराशे फूट मोकळं आहे."
कॅप्टन रणसुभे फाफडा मोडत होते.
वर न बघता म्हणाले,
"आणि डोंगर कुठून सुरू होतो? ढगापासून?"

मग नकाशावर त्यांचं तेलकट बोट.
शिखर सत्तावीसशे. वर हजार.
वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून अजून थोडं.
"चार हजार. त्याच्या खाली तिकडे तुझं काही काम नाही."
दाब रात्रीतून चार मिलिबार उतरला होता, तो आकडा मीच दिला.
"कालचाच ठेवलास तर काटा तुला सव्वाशे फूट उंच सांगेल.
लबाड म्हणून नव्हे रे,
त्याला कुणी कळवलंच नाही म्हणून."

नऊनंतर गेले, दोघं.
जरोदपर्यंत खाली रस्ता होता, ट्रक होते,
निळ्या ताडपत्र्या.
पुढे रस्ता पांढऱ्यात शिरला.
वर चढायला ढगाने जागा ठेवली नव्हती.
रेडिओवर अद्वैतचा आवाज, थोडा रुसलेला :
परत फिरतोय.
एवढंच. सव्वीस मिनिटं. चाकं ओली.
याची बातमी होत नाही,
माझ्या रजिस्टरात याला रकानाही नाही.
कॅप्टननी सेव-उसळ मागवली, तर्री जास्त,
पोराने तोंड पाडून खाल्ली.

चारच्या सुमाराला ईशान्येकडे ढग फाटला.
मी त्याला हाक मारून गच्चीवर बोलावलं.
कठड्याला हात टेकून तो बघत राहिला.
काळाभोर, ओला, वाटेत बसलेला.
"एवढा जवळ?"

विमानाला अकरा मिनिटं, मी म्हटलं.
सकाळीही अकराच होती.

तो काही बोलला नाही.
मी खाली जाऊन लिहिलं :
सोळा-दहा. पावागड. खांद्यापर्यंत.
माथा अजून नाही...
खोडलं.
माथा अजून दिसत नाही.