व्यक्तिशः ओळखते

अडीच महिन्यांत एकोणीस घरं पाहिली
इल्यास तांबोळींच्या ॲक्टिव्हावर मागं बसून,
त्यांच्या मुलीचं हेल्मेट माझ्या डोक्यात.
रास्ता पेठ, क्वार्टर गेट, सोलापूर बाजार, परत रास्ता पेठ.
आरशाला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा
खड्डा आला की बोलायचा.

मुदलियारांच्या माडीवर उजेड छान होता.
एकट्याच? – हो.
म्हणजे, मिस्टर? – नाहीत.
नाहीत म्हणजे वारले, की...
त्या 'की'पाशी मी चपला घातल्या.

लाल देवळामागं, दुसऱ्या मजल्यावर,
आधी चहा आला, बशीत खारी, आणि मग:
गायकवाड म्हणजे कुठले?
म्हटलं, फलटणचे.
तसं नाही हो. म्हणजे... कुठले?
खारी माझ्या बोटांत चुरत राहिली.
तांबोळी खिडकीबाहेरच्या नळाकडं बघत होते.
नळाकडं इतक्या बारकाईनं
प्लंबरसुद्धा बघत नाही.

एका घरी बोंबील चालत नव्हते.
एका घरी बोंबील न खाणारी चालत नव्हती,
मागची भाडेकरू वासावरून फार भांडायची म्हणे.
एका घरी फाटक दहाला बंद.
एका घरी मी पुस्तकं बांधते म्हटल्यावर
मालक बराच वेळ विचार करून म्हणाले,
अजून बांधतात?

बांधतात.
आप्पा बळवंत चौकात, जिन्याखालून आत,
खळ, दोरा, पुठ्ठा, दिवसाला साठ-सत्तर.
दुसऱ्यांच्या पानांना पाठ द्यायची
आणि संध्याकाळी बहिणीच्या हॉलमधल्या दिवाणावर
आपली टेकायची,
तिच्या नवऱ्याच्या बातम्या संपल्यावर.

क्वार्टर गेटच्या रसवंतीत तांबोळी म्हणाले,
राग येतो ना, मॅडम?
ह्या जुडग्यात बेचाळीस किल्ल्या आहेत.
त्यातल्या पंचवीस घरांत
मला भाड्यानं कुणी ठेवणार नाही.
पण किल्ली देतात, बघा.
अख्खी किल्ली.
मग रसात लिंबू कमी आहे म्हणून
रसवाल्याशी भांडले,
गरजेपेक्षा जरा जास्तच.

विसावं घर.
एक खोली, स्वयंपाकघर, मोरीला उंच कठडा.
भिंतीवर सात खिळे, सात वेगवेगळ्या उंचीचे,
म्हणजे सात वेगवेगळी माणसं
किंवा एकच, कशावरच समाधान नसलेलं.
मालकीणबाई रशीदा लोखंडवाला
रिदाची झालर सावरत म्हणाल्या,
नवीन खिळा नको. जुने वापर.
आणि पाण्याची मोटर सकाळी सहाला लावायची.
जमेल?
एवढंच.
मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी,
त्या खाली उतरूनही गेल्या.

करार अकरा महिन्यांचा.
बाराव्यात माणसानं कुठं राहायचं
हे कायद्यालाच ठाऊक.
तांबोळींच्या भाच्यानं लॅपटॉप कठड्यावर ठेवला,
अंगठ्याचं यंत्र पुढं केलं.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा प्रयत्न करा.
बावीस वर्षं कागदानं घासून घासून
अंगठा गुळगुळीत झालेला,
एकही रेघ यंत्राला सापडेना.
आडनावात सगळ्यांना कायकाय दिसतं,
आणि इथं काहीच नाही.
शेवटी खोबरेल लावलं, पुसलं, दाबलं.
हिरवा दिवा.

आता ओळखणारे दोन पाहिजेत.
एक तांबोळी झाले.
दुसऱ्यासाठी वरच्या मजल्यावर हाक गेली
आणि फिलोमिना अँथनी जिना उतरल्या,
कोपरापर्यंत इडलीचं पीठ.
गॅस चालू आहे, लवकर सांगा.
भाच्यानं वाचलं:
वरील इसमास मी व्यक्तिशः ओळखते.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
नाव काय गं तुझं?
म्हटलं, कुमुदिनी.
लांब आहे, म्हणाल्या,
आणि पदराला हात पुसून अंगठा टेकवला.
पहिल्याच दमात हिरवा.

अर्धा जिना चढून थांबल्या.
आता खोटं लिहून बसलेय तुझ्यासाठी,
ते खरं करायला नको?
भांडं आण एखादं. सांबार देते.

माझी भांडी अजून बहिणीकडं, पोत्यात.
हातात फक्त हेल्मेट होतं.