शेवटचे तीन दिवस

गांधीबागेत, साड्यांच्या दुकानांच्या वर,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेली खोली.
लिहिणं माझं. आवाज हेडाऊकाकांचा.
ऑटो आणि भोंगा भाड्याचा.

काकांनीच शिकवलं, मी बारावीला नापास झाले त्या वर्षी:
'आमच्याकडे' लिहू नको पोरी, 'तुमच्यासाठी' लिही.
पाचशेकडे कोणी पाहत नाही,
चारशे नव्व्याण्णवले मान वळते.
प्रश्न असा विचार का उत्तर 'हाव'च आलं पाहिजे.
अन् किंमत सांगायच्या आधी थांब.
त्या जागी मी दोन तिरप्या रेघा मारते.
काका तिथे श्वास घेतात
आणि अख्खी इतवारी त्या श्वासावर ताटकळते.

'शेवटचे तीन दिवस'
आम्ही अकरा वर्षं चालवले.

मग मे. पारा सेहेचाळीसवर.
तांडापेठेच्या एका गल्लीत कावीळ निघाली,
नळात गटार मिसळलं होतं.
वॉर्डाच्या साहेबानं आम्हालाच बोलावलं:
लोकांना सांगा, पाणी उकळून प्या.
मी रात्रभर लिहिलं. भीती घातली, लेकरं घातली,
दवाखान्यातल्या खाटांचा आकडा घातला,
जो गोल नव्हता कारण खरा होता.
'उकळा' तीनदा. रेघा नीट जागेवर.

ऑटो गल्लीत शिरला तशी
ओट्यावरची पोरं ओरडली,
"हेडाऊकाका, यावर किती टक्के सूट?"
धुणं वाळत घालणारी एक बाई हसली,
"शेवटचे तीन दिवस असन बाप्पा."

दुसऱ्या दिवशी मी आणखी धारदार लिहून नेलं.
काकांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.
"मस्त हाय," म्हणाले. "भोंगा बंद कर."

डोक्याला दुपट्टा गुंडाळून पायी निघाले.
पहिल्याच घरी, रिवाजाप्रमाणे, पाण्याचं भांडं आलं.
काकांनी हातात घेतलं,
आत पाहिलं,
खाली ठेवलं.

ओठ फुटलेला म्हातारा भर उन्हात पाणी परत करतो
तेव्हा घरातला कूलरसुद्धा मोठ्यानं ऐकू येतो.
"काहून काका? आमच्या घरचं चालत नाही काय?"
"चालते ना. उकळलेलं दे. बसतो मी."
आणि बसले, पातेलं गॅसवर चढून
पाणी निवेस्तोवर.
मग पुढचं घर.

संध्याकाळपर्यंत सतरा घरं.
मी प्रत्येक दारात रिकाम्या हातानं उभी,
भांडं टेकल्याचा आवाज आणि पहिला प्रश्न
यांच्यामधलं अंतर मोजत.
एवढी लांब रेघ मला कधी मारता आली नव्हती.

एका म्हातारीनं मात्र दार लावून घेतलं.
तिला वाटलं, जात पाहून राहिला.
त्या दारासमोर काका बराच वेळ उभे होते.
तिथे त्यांना काहीच सुचलं नाही,
मलाही नाही.

जून लागायच्या आत साडीवाल्याचा फोन. तोच माल, तोच मजकूर.
"काय लिहू काका?"
"तेच लिही. पोट हाय ना आपलं."
मग माईक पुसता पुसता म्हणाले,
"फक्त 'शेवटचे'च्या आधी
तुह्या दोन रेघा मारून ठेव.
तिथं मले जरा पाणी प्यायचं असन."