चोळायचं नाही

लुद्रीन सिस्टरनी शिकवलं होतं : आधी तळहात ऊन कर.
मग स्पिरिट, मग पावडर,
माकडहाडावर गोल, उलटा गोल,
लाल दिसलं तर जास्त वेळ.
सव्वीस वर्षं माझ्या बोटांना
चंदनी टाल्कचा वास होता,
घरी भाकरी थापतानासुद्धा.

परवा डब्याच्या वेळी रसिका मेस्त्रीने, नवीनच लागलेली,
चार कागद पुढ्यात ठेवले.
झेरॉक्स फिकट, शेवटचं पान तिरकं.
"मॅडम, लाल झालेली जागा चोळायची नाही म्हणतात.
आत जखम आधीच सुरू झालेली असते."
मी कुळथाची पिठी संपवली.
हात धुतले, जरा जास्तच वेळ.

किती पाठी.
नावं नाही आठवत,
पाठी आठवतात.

खाट नऊ : बाबल कुबल, वय एकाहत्तर,
देवगडच्या जेटीवर शेवाळावरून घसरला,
खुब्याचं हाड. ओरोसला ऑपरेशन, परत आमच्याकडे.
हवेची गादी एकच आहे,
तिचा पंप फेब्रुवारीपासून मुका.

कागद म्हणतो : बोटाने दाबा, सोडा,
पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे.
चित्रातली पाठ गोरी आहे.
बाबलची पाठ पन्नास वर्षं
उन्हात नि खाऱ्या पाण्यात शिजलेली,
तिच्यावर लाल दिसतच नाही.
चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत सापडलं :
सावळ्या कातडीवर रंग शोधत बसू नका,
ऊब बघा, कडकपणा बघा,
शेजारच्या जागेशी ताडून बघा.
म्हणजे हाताच्या पाठीने.
म्हणजे पोराचा ताप बघतो तसंच की.

कूस दोन तासांनी बदलायची की चार?
त्यावर कागदालाही खात्री नाही,
गादी कुठली त्यावर आहे म्हणे.
मला हे आवडलं.
लुद्रीन सिस्टरना "माहीत नाही" म्हणताना
मी कधी ऐकलं नव्हतं.
मी तरी कुणाला म्हटलं होतं?
आमच्या कापसाच्या गाद्यांना दोनच, असं ठरवलं,
रात्रपाळीला चोवीस खाटांत एकटी असले तरी.

सून म्हणाली, "आज पावडर नाय?
नवीन पोर इल्यापासून कामां कमी केल्यात तुम्ही."
मी समजावू लागले, कातडीखालचं रक्त, बारीक नळ्या.
माझं मलाच पुस्तकी वाटलं.
तेव्हा बाबल खिडकीकडे बघत बोलला :
"होडी वर ओढून एकाच कुशीर ठेवली
तर फळी कुजता.
मगे कुजलेली फळी घासून काय होतला?"
सून गप्प. मीही.

चादरीची गुंडाळी पोटऱ्यांखाली सारली,
टाचा अधांतरी, गादीला न टेकलेल्या.
त्याला पुरतं कुशीवर नाही वळवलं, तिरकं,
ओहोटीला रेतीवर कलते ना होडी, तेवढंच.
उशी नव्हती. सुनेने जुनं लुगडं दिलं घडी घालून.

रात्री लाइट गेली.
मोबाइल दातांत धरून मी पाठ बघितली.
हात सवयीने गोल फिरू लागला होता.
थांबवला. तिथेच ठेवून दिला क्षणभर, नुसता.
बाबल झोपेत म्हणाला, "ऊन आसा हात."

लुद्रीन सिस्टर आता कट्ट्याला भावाकडे असतात.
त्यांना सांगावं म्हणून दोनदा फोन उघडला,
दोनदा मिटला.
सांगणार काय?
त्यांचं पहिलं वाक्य
या चार पानांत कुणी खोडलेलं नाही.

वहीत लिहिलं :
रात्री दोन. डावीकडे तिरकं. टाचा मोकळ्या.
माकडहाड : ऊब किंचित जास्त, कडक नाही.
चोळलं नाही.
पुढची वेळ चार.