सदतिसावी ओळ

नायना जेकार्डचे पत्ते ठोकायचा,
साखर पेठेत, दहा बाय बाराच्या खोलीत.
हातोडी, पंच, भिंतीला टेकलेले पुठ्ठ्यांचे गठ्ठे.
भोक असलं तर दोरा वर,
नसलं तर खाली.
मोर, कमळ, ताजमहाल, वाघ,
सगळं या दोनच शब्दांत सांगायचा तो.

एक डिझाइन चार कारखानदारांना विकायचा.
पण चौघांच्या पत्त्यांत
काठाच्या सदतिसाव्या ओळीला
एक भोक इकडचं तिकडं.
चादरी घडी करणाऱ्या बायकांना दिसायचं नाही,
पांघरणाऱ्याला तर नाहीच.
बाजारात कुणा तिऱ्हाइताची नक्कल आली
की नायना एक नग विकत आणायचा,
उन्हात धरायचा, काठावरून अंगठा फिरवायचा
आणि सांगायचा :
हे इराबत्तीकडून फुटलंय.

मी त्या धंद्यात नाही.
अक्कलकोट रोडला, बंद सूतगिरणीच्या समोर,
केबलच्या कंट्रोल रूममध्ये माझी रात्रपाळी.
बाहेर रात्री दहालाही रस्ता तव्यासारखा,
आत एसी सोळावर, यंत्रांसाठी.
माणसांनी स्वेटर आणायचा.
इथं चित्राचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे होतात,
प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती, अ आणि ब,
डोळ्याला अगदी एक.
कुणाच्या बॉक्सला अबबअ, कुणाच्या बअअब,
असं रात्रभर घराघरांत जात राहतं.
कुणी पडद्यावरून मोबाइलनं उचललं,
कडा कापल्या, रंग उडवला, वर स्वतःचा शिक्का मारला,
तरी तुकड्यांचा क्रम बोलतो.
पुण्याहून ट्रेनर आला होता,
दोन दिवस इंग्रजीत समजावत होता.
मला पहिल्या चहाच्या आधीच कळलं होतं.

काल कबड्डीची फायनल.
दुसऱ्या हाफात लिंक फिरायला लागली,
एकोणीस रुपये, बघणारे अकरा हजार.
मी अंगठा फिरवला.
म्हणजे माउस.
तुकडे जुळत गेले,
मग बॉक्सचा नंबर, मग साखर पेठ, मग घर क्रमांक,
मग ग्राहकाचं नाव :
मल्लेशम लिंगय्या म्याकल.

नायनाला जाऊन सहा वर्षं झाली.
कनेक्शन मी बंद केलं नाही.
स्टाफचं, फुकट,
शिवाय फॉर्मवर त्याची सही आहे, तेलुगूत.
घरी असतो भावाचा तिरुपती.
युनिफॉर्मच्या कारखान्यातून दिवाळीला कमी केलेला.
गेल्या महिन्यात हातात नवा मोबाइल दिसला, विचारलं,
तर म्हणाला, काय काका, चौकशी करलालाव?

इराबत्तीचं पुढं काय झालं
मी कधी विचारलं नाही.
आठवतं ते एवढंच,
पुढच्या वर्षीही त्याच्याकडं पत्ते गेले.
मीच नेले, सायकलच्या कॅरिअरला बांधून.
उतरवून घेताना त्यानं एक पत्ता उजेडाला धरला,
बराच वेळ धरला,
मग काही न बोलता
माझ्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या.

अहवालात तीन रकाने.
पहिले दोन मी भरले.
तिसऱ्यात नाव आपोआप आलं.
मी पाठवलं नाही तरी
सहाला तो आपणहून जातो,
सिस्टिमच तशी.

पाचला बदलीवाला आला. घरी पोचलो.
पंखा फुल्ल, आणि तिरुपती
तोंडावरून वाघाची चादर ओढून झोपलेला.
लाइट न लावता बाजूला बसलो.
बॉक्सचा हिरवा ठिपका तेवढा जागा.
काठावरून अंगठा नेला, मोजत.
पस्तीस. छत्तीस.
दोरा लागला, खाली असायला हवा तो वर.
पण चौघांपैकी कुणाच्याच जागी नाही.
पाचवी जागा.
ही मला माहीतच नव्हती.

पाच चाळीस.
ऊठ बे, तिरुपती.