दोन अंश मागं

इंद्रजित सरनोबतनं टर्बो आधीच आणला होता,
पेटीसकट, सोललेल्या नारळाएवढा.
"बसव शलाका. चारशे घोडे पाहिजेत.
साडेतीनशे म्हणशील तर मी पुण्याला जातो."

उद्यमनगरात नऊ वाजले
की बाबालाल मुल्लाणींचं लेथ सुरू होतं
आणि माझ्या टेबलावरचा चहा शहारतो.
त्या चहाशेजारी मी नकाशा पसरला:
कांद्याच्या चकतीसारखी एकात एक वर्तुळं,
आडवी हवा, उभा दाब,
डावीकडं एक तिरकी रेघ.
तिच्या पलीकडं हवा पुढं जायला नाही म्हणते,
पात्यांवर उलटी येते, खोकते.
"ही तुझी दोन लिटरची गाडी." मी टिंब काढलं.
टिंब रेघेपलीकडं पडलं.
"म्हणजे?"
"म्हणजे जेवायला चौघं, आणि पातेलं लग्नाचं."

बाबालाल हात पुसत आले.
चाळीस वर्षं पंपांचे पंखे तोलले त्यांनी,
नदीकाठच्या, विहिरींवरच्या,
ग्रॅमभर इकडं, ग्रॅमभर तिकडं.
नारळात बोट घालून चाक फिरवलं,
ते थांबेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले.
"माल चांगला हाय. पण जड हाय, उशिरा उठणार.
ट्रकवाल्याला दे. त्येला घाई नसती."

माझी पेनं एका उलट्या पिस्टनमध्ये असतात.
त्याच्या माथ्याला भोक आहे,
बारीक रिफिल त्यातून टेबलाला टेकतं.
माझी पहिली गाडी, माझाच हट्ट, कागलच्या अलीकडं.
इंद्रजितनं त्यातलं पेन घेतलं,
कागदावर ४०० लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
पिस्टनबद्दल काही विचारलं नाही.

त्याला पटलं ते नकाशानं नाही.
पन्हाळ्याच्या वाटेवर, ऐन हंगामात,
पुढं ट्रॅक्टर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या,
समोरून एसटी.
फट मिळते ती एवढीशी,
आणि त्या फटीत त्याची गाडी
अजून विचारच करत होती.
दुसऱ्या दिवशी आला. बूटावर उसाचं पाचट.
"लहान दाखव," म्हणाला.

मग मुठीएवढा.
हलकं चाक, अरुंद घर, गोळ्यांची बेअरिंग.
जुने दोन स्टड तुटले, बाबालालनी शिव्या देत काढले.
तेलाची नळी मी तीनदा सोडली, तीनदा आवळली.

पहाटे पाच. तो स्टिअरिंगवर,
माझ्या मांडीवर लॅपटॉप, खांद्यावर शाल.
गुऱ्हाळाचा वास काच बंद असली तरी आत येतो.
तिसरा गिअर. दोन हजार. अडीच.
अठ्ठावीसशेला कुणीतरी पाठीत हात घालून ढकललं.
तो हसला. मी नाही, मी ऐकत होते.
चार हजार आठशेला आलंच ते,
डब्यात फुटाणे हलवावेत तसं, बारीक,
त्याला ऐकूही न आलेलं.
"सोड. पाय सोड."

ठिणगी दोन अंश मागं घेतली.
पेट्रोल थोडं वाढवलं, दाब एक पूर्णांक एकवर आणला.
पुन्हा तोच रस्ता, तोच गिअर.
फुटाणे गप्प.

"किती झाले?"
"तीनशे अठरा."
तो बराच वेळ बोलला नाही.
वाघबिळाच्या चढाला एक ट्रॉली लागली,
फट मिळाली,
आणि ट्रॉली आरशात गेली.
तरीही बोलला नाही.

महिन्यानं फोन.
"शलाका, ते दोन अंश
परत देशील का? इंजिन तर मस्त आहे."
खिडकीतून थंडी येत होती,
घट्ट, स्वच्छ, कुठल्याही इंजिनाला शहाणं वाटायला लावणारी.
पेनाचं टोक टेबलावर टेकलं होतं.
"मे महिन्यात ये," मी म्हटलं,
"दुपारी दोनला. एसी लावून. मग मागून बघ."