शिक्का

शारजाच्या कत्तलखान्यात, पहाटे चारला,
उमैर कलेजी ट्रेमध्ये टाकतो,
मी पित्तनळी उभी चिरतो.
आत पान.
चपटं, तपकिरी, कडेनं किंचित हलणारं.

बाहेर डबकं नाही, चिखल नाही.
तरी जहाजातून आलेल्या या मेंढीनं
कुठल्याशा गोगलगायींच्या कुरणाची ओल
पोटातून इथवर आणली.

मी शिक्का मारतो : बाद.
गिऱ्हाईक कुरकुरतं,
"तेवढंच कापून टाका की, बाकी चालेल."

परवा माझ्याच बरगडीखाली दुखलं.
सोनोग्राफीवाल्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला,
विचारलं, पाण्यातला पाला कच्चा खाल्ला होता कधी?

म्हशी तळ्यात उतरल्या की
काठावर बसून
लव्हाळ्याची काडी चघळायचो,
खालचा पांढरा भाग.
गोड लागायचा.