निचऱ्याची तोटी

आलेखाच्या कागदावर पेटी काढली आहे,
एक चौकोन म्हणजे एक सेंटिमीटर.
वर रेडिएटर, खाली टाकी, कोपऱ्यात पंप,
एक ब्लॉक प्रोसेसरच्या डोक्यावर,
एक ग्राफिक्स कार्डाच्या छातीवर.
नळी दहा-तेरा की दहा-सोळा, ते अजून पेन्सिलीत.
खोडरबराचा भुगा चहात पडतो, मी तसाच पितो.

कीथलीत नोव्हेंबर. चारलाच दिवे लागलेत,
समोरचा डोंगर कुणी पुसून टाकल्यासारखा.
वर शलाका झोपली आहे, आज तिसरी रात्रपाळी.
झोपायची खोली एकच, आणि तिच्या उशीपासून चार फुटांवर
माझं मशीन लोकांची स्वयंपाकघरं रंगवतं:
ओटे, टाइल्स, खोट्या खिडकीतलं ऊन.
ऊन जितकं खरं, तितका पंखा ओरडतो.
ती काही बोलत नाही. कानात बोळे घालते.
डबी संपली की नवी आणते,
तेही सांगत नाही.

म्हणून पाणी.

फिटिंग मोजली तेव्हा बारा होती,
पुन्हा मोजली तेव्हा सोळा,
एकेका पितळी बोंडाला सात पौंड.
पैसा पाण्यासारखा जातो म्हणतात;
इथे पाण्याच्या आधीच वाहून चालला आहे.
स्वस्तातला रेडिएटर ॲल्युमिनियमचा होता. खोडला.
तांब्याशी त्याचं एका पाण्यात पटत नाही.
वरून सगळं शांत,
आतून एक झिजत राहतो.
अशी घरं पाहिली आहेत.

वडील मंगळवेढ्यात वॉल्व्हमन होते.
पहाटे खांद्यावर लांब दांड्याची चावी,
कुठल्या गल्लीला किती मिनिटं, सगळं डोक्यात.
फोनवर त्यांना म्हटलं, कम्प्युटरमध्ये पाणी सोडतोय.
बराच वेळ गप्प. मग,
"रोज की दिवसाआड?"
म्हटलं, तेच पाणी, गोल गोल फिरणारं.
"म्हणजे मोटर लावून ओढणारं कुणी नाही,"
ते म्हणाले, अगदी समाधानाने.

शेजारचे डेरेक ॲक्रॉइड
चाळीस वर्षं घरोघरी हीटिंग बसवत होते.
आमच्या बैठकीतला रेडिएटर वरून गार, खालून गरम,
म्हणून पितळी किल्ली घेऊन आले.
फुस्स. मग चिंधीवर काळं पाणी.
हात पुसता पुसता त्यांनी माझा कागद ओढला,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
नळीच्या वाटेवरून बोट फिरवलं, दोनदा.
"पाणी कुठून जाईल ते छान काढलंस.
हवा कुठून जाणार?"

टाकी मी सगळ्यात खाली ठेवली होती.
तिथे ती शोभत होती, एवढंच कारण.

"आणि हे रिकामं करायची वेळ येईल तेव्हा?
आधी निचऱ्याची तोटी काढ, पोरा. मग बाकीचं."
बायको गेल्यापासून त्यांच्याकडे एक खोली बंद असते.
तिथल्या रेडिएटरचीही हवा ते दर हिवाळ्यात सोडतात.

खोडलं सगळं.
टाकी वर, पंप तिच्या बुडाशी, कोरडा फिरू नये म्हणून.
सर्वांत खालच्या वळणावर एक तोटी,
जी मी आशा करतो की वर्षभर उघडणार नाही.
भरल्यावर चोवीस तास नुसता पंप चालवायचा,
बाकी सगळ्याची वीज काढून,
सांध्या-सांध्याखाली टिश्यू पेपर.
पाणी कुठे मुरतंय, ते कागद सांगेल.

जिना वाजतो. शलाका खाली येते,
गालावर उशीची घडी, एका कानात अजून बोळा.
वाकून बघते. "हे काय?"
"निचरा."
"आणि आवाज?"
"जवळजवळ नाही."
"जवळजवळ," ती म्हणते,
आणि दुसरा बोळा काढून कागदावर ठेवते,
पंपाच्या अगदी शेजारी.
नारिंगी, चेपलेला, हळूहळू फुगत जाणारा.
दीड चौकोन.